सापेक्षता प्रात्यक्षिकाच्या वहीत यावी

महोदय,

बी.एस्सी.च्या वर्गांना मी अनेक वर्षे विशिष्ट सापेक्षता, म्हणजे वेगानुसार काळ आणि लांबी यांची मोजमापे बदलतात हे सांगणारा आइन्स्टाइनचा सिद्धांत, शिकवते. लॉरेन्ट्झ रूपांतरणाची (एका निरीक्षकाच्या मोजमापांवरून दुसऱ्याची काढायच्या सूत्रांची) सिद्धता विद्यार्थी परीक्षेत बिनचूक उतरवतात. पण ‘यान प्रकाशाच्या निम्म्या वेगाने गेले तर त्यातले घड्याळ किती मंदावेल?’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर येते, ‘निम्म्याने’. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांचे अभ्यासक्रम नव्याने आखले जात आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर हा प्रकाशाचा वेग आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर येणार नाही, पण पडद्यावर येतो. जिओजिब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन घड्याळे आणि वेग कमीजास्त करायचा एक स्लायडर एवढेही पुरते. निम्म्या वेगाला घड्याळ जेमतेम 13 टक्के मंदावते, 0.99 पटीला मात्र सातपट. माझा आग्रह एकच असतो: आधी अंदाज वहीत लिहा, मगच स्लायडरला हात लावा. नाहीतर मुले नुसती हलती चित्रे बघतात आणि विसरतात.

सगळ्यात जास्त रमतात ती म्युऑनमध्ये, म्हणजे वातावरणात उंचावर तयार होऊन वेगाने खाली येणाऱ्या अल्पायुषी सूक्ष्म कणांमध्ये. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने धावला तरी साधारण 660 मीटर. फ्रिश आणि स्मिथ यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर तासाला सुमारे 560 म्युऑन मोजले. जवळपास 1900 मीटर खाली, समुद्रसपाटीला, सगळ्यांसाठी काळ सारखाच, या न्यूटनच्या कल्पनेप्रमाणे 27च्या आसपास उरायला हवे होते. मिळाले 400हून अधिक. सिम्युलेशनमध्ये टाइम डायलेशन (वेगामुळे काळाचे मंदावणे) बंद करून आणि चालू करून हे दोन्ही आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः काढले, की सूत्राबद्दल शंका उरत नाही. असा कण म्हणजे एक घड्याळच आहे आणि वेगात असताना त्याचे आयुष्य लांबेल, हे होमी भाभा यांनी 1938मध्येच ‘नेचर’मध्ये मांडले होते. मुंबईत जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा हा विचार आपल्या वर्गांत सांगितलाच जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एक धोका मात्र शिक्षकांनी ओळखायला हवा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने 2012मध्ये काढलेल्या संगणकीय खेळात प्रकाशाचा वेग हळूहळू कमी होतो, रंग बदलतात, वस्तू वाकड्या दिसतात. विद्यार्थ्यांना तो आवडतो, आणि तो पाहून लांबीचे आकुंचन (वेगवान वस्तूची लांबी कमी भरणे) हा नजरेचा भास आहे असे त्यांतले काही समजून बसतात. डोळ्याला दिसते त्यात प्रकाश पोहोचायला लागणारा वेळही मिसळलेला असतो. वेगवान गोल डोळ्याला चपटा न दिसता गोलच दिसेल, हे पेनरोज आणि टेरेल यांनी 1959मध्ये दाखवले. तरीही मोजपट्टीने त्याची गतीच्या दिशेतली लांबी कमीच भरते. पडद्यावर ‘दिसणे’ चालले आहे की ‘मोजणे’, हे प्रत्येक वेळी सांगितलेच पाहिजे.

अभ्यास मंडळांनी किमान दोन प्रात्यक्षिके सक्तीची करावीत: एक म्युऑनचे, दुसरे फलाटावरून पाहता एकाच वेळी पडलेल्या आणि धावत्या गाडीतून पाहता वेगवेगळ्या वेळी पडलेल्या दोन विजांचे. त्यांच्या फाइल्स इंटरनेटशिवाय, साध्या मोबाइलवरही चालाव्यात आणि सूचना मराठीतही असाव्यात. तोंडी परीक्षेत सिद्धता विचारू नये. विद्यार्थ्यासमोर स्लायडर ठेवून ‘आता काय होईल आणि का?’ एवढेच विचारावे.

– भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका, सातारा