शेड्यूल फिरतं, निकाल फिरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर संपत आला की आमच्या तासगाव भागात द्राक्षबागांच्या फळछाटण्यांना (फळ धरण्यासाठीच्या छाटणीला) वेग येतो आणि मोबाइलवर फवारणीची शेड्यूलं येऊन पडू लागतात. ‘पोंग्यात हे मारा, पाच पानांवर ते मारा, डाऊनी दिसला तर लगेच हे.’ (पोंगा म्हणजे नुकता फुटलेला कोंब, डाऊनी म्हणजे पानांवर-घडांवर येणारा बुरशीचा रोग.) औषधाचं नाव असतं, एकरी प्रमाण असतं, खाली पाच-सहा जणांचे अंगठे असतात. छाटणी कोणत्या तारखेची, जमीन काळी की मुरमाड, बाग स्वमुळावर की डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या वेलीवर), मागच्या आठ दिवसांत पाऊस किती झाला, यातलं काही नसतं. आणि महिन्याभराने डाऊनी आटोक्यात आला की घड कुजले, हे सांगायला कोणी परत येत नाही. तोवर नवं शेड्यूल आलेलं असतं.

आपल्याकडची द्राक्षशेती अशी उभी राहिली नाही. आमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या वाणातून तास-ए-गणेश हा वाण निवडला. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका दिला, शरद सीडलेस दिला. हे शेतकरी होते. बागेतून फिरताना एखाद्या वेलीवर वेगळा मणी दिसला की तिला खूण करायची, तिच्या काड्या वेगळ्या लावायच्या, बहर बघायचे, आणि खात्री पटली की काडी दुसऱ्याला द्यायची, ही त्या पिढीची रीत. काडी न्यायला आलेला माणूस बाग बघून जायचा आणि पुढच्या वर्षी आपल्या रानात काय झालं ते सांगायचा. या सगळ्याला बैठक दिली ती १९६० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने. नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर या चार विभागांतली चर्चासत्रं, शिवारफेऱ्या, वार्षिक अधिवेशन, यांतून एका जिल्ह्यातला प्रयोग दुसऱ्या जिल्ह्यात पोचायचा आणि तिथे तपासला जायचा. १९९७ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं, तेव्हा शास्त्रज्ञांसमोर बोलायला अनुभवी बागायतदारांची फळी तयार होती.

हे काम आजही थांबलेलं नाही, संघ आणि केंद्र दोन्ही आपापल्या परीने करत आहेत. पण रोजचा निर्णय आता चर्चासत्रात होत नाही, मोबाइलवर होतो. तिथे सल्ला मिळतो. त्याचा पडताळा कुठेच नोंदला जात नाही.

याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे ज्याला आपण सगळे सीसीसी म्हणतो त्याचे, अवशेष सापडले आणि कंटेनर अडकले. शेंड्याची वाढ रोखून डोळ्यात (काडीवरच्या कळीत) घड धरावा म्हणून सीसीसी वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. बागायतदाराला ते माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं, सल्लागाराला माहीत होतं. पण निर्यातीआधी तपासायच्या यादीत ते नव्हतं. गावागावांत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट जिथे नोंदायला हवी होती तिथे नोंदलेली नव्हती, आणि त्या हंगामात अनेक घरं कर्जात गेली. आज ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदणीवर निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद आहे, हे चांगलंच झालं. मात्र शेतकऱ्याच्या हातात येतो तो त्याच्या एका प्लॉटचा रिपोर्ट. तालुक्यात कोणते अवशेष जास्त येत आहेत आणि ते कोणत्या अवस्थेतल्या फवारणीचे, याची चर्चा गावापर्यंत यायला हवी.

माझी मुख्य मागणी मात्र काडी तपासणीबद्दल आहे. फळछाटणीआधी प्रत्येक प्लॉटमधून काड्या कापून, जुडी बांधून आपण प्रयोगशाळेत देतो. तिथे एकेक डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि चिठ्ठी मिळते: घड पाचव्या ते आठव्या डोळ्यात आहे, सबकेनच्या (शेंडा खुडल्यावर बगलेतून वाढवलेल्या काडीच्या) गाठीजवळ आहे, किंवा काडी वांझ आहे. त्या चिठ्ठीवरून किती डोळे ठेवून छाटायचं ते ठरतं. छाटणी झाली की चिठ्ठी डायरीत जाते आणि तिचं आयुष्य संपतं.

ज्यांना द्राक्षाचं काही माहीत नाही अशा वाचकांसाठी सांगतो, हा घड त्या डोळ्यात ऑक्टोबरमध्ये येत नाही. एप्रिलची खरड छाटणी (माल निघाल्यावर नव्या काड्यांसाठी केलेली छाटणी) झाल्यावर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात तो आत तयार होतो. त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली, पाऊस लागला, नत्र जास्त झालं, की घडाऐवजी बाळी (वेलीचा नुसता ताणा) निघते. म्हणून तर काही जण खरड छाटणी लवकर उरकतात. पण लवकर म्हणजे नक्की कधी? मार्चअखेर छाटलेल्या बागेत आणि एप्रिलच्या मध्याला छाटलेल्या बागेत, त्याच गावात, त्याच पावसात, किती फरक पडला? प्रत्येक जण आपल्या बागेपुरतं सांगतो. सगळ्यांचं एकत्र मांडलेलं कुठे मिळत नाही, आणि तरीही उत्तर आहे. ते त्या चिठ्ठ्यांत पडून आहे.

चिठ्ठीवर चारच गोष्टी जास्त लिहून घ्याव्यात: गाव, वाण व खुंट, खरड छाटणीची तारीख आणि सबकेन कितव्या पानावर केली ते. पाऊस शेतकऱ्याला विचारायचीही गरज नाही, ‘महावेध’ या प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळांत बसलेली आहेत, त्यांचे आकडे तिथे जोडता येतील. हंगाम संपल्यावर माल किती निघाला हे शेतकऱ्याने एका फोनवर कळवावं. तीन-चार वर्षांत प्रत्येक मंडळाचा असा हिशेब तयार होईल, जो कोणत्याही सल्लागाराकडे आज नाही.

शेतकरी माहिती देणार नाहीत, असं म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. बाग फेल गेली हे व्यापाऱ्याच्या कानावर गेलं तर दर पडतो, बँकेच्या कानावर गेलं तर पुढचं पीककर्ज अवघड होतं. म्हणून नाव आणि गट नंबर कुठेही जाहीर होता कामा नये, यावर मी ठाम आहे. सल्लागारांनाही अशी एकत्र नोंद रुचेल असं नाही. परदेशी पेटंटच्या नव्या वाणांनी आणखी एक भिंत उभी केली आहे. तिथे काडी तर देता येत नाहीच, पण व्यवस्थापनाचं तंत्रही मोजक्या लोकांत राहतं. वाण काढणाऱ्या कंपनीने रॉयल्टी घ्यावी, तो तिचा हक्क. आमच्या रानात, आमच्या पाण्यावर, आमच्या मजुरांनी शिकलेलं तंत्र मात्र आमचं आहे आणि ते शेजाऱ्याला सांगायला कोणी अडवू नये.

नवीन ॲप नको, नवीन योजना नको. संघाच्या चारही विभागांनी आपल्या भागातल्या प्रयोगशाळांना विनंती करून चिठ्ठीचा नमुना एक करावा, मांजरीच्या केंद्राने ती माहिती वर्षातून एकदा मराठीत, मंडळनिहाय प्रसिद्ध करावी. सांगली विभागाने यंदाच्या छाटणीपासून सुरुवात केली, तर आमच्या गावातले बरेच बागायतदार आपल्या मागच्या हंगामांच्या चिठ्ठ्या आणि छाटणीच्या तारखा घेऊन यायला तयार आहेत.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली