कोड पुसले, दोष तसाच राहिला : पिकअपच्या वायरिंगबाबत तक्रार पत्र

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
हलकी व्यावसायिक वाहने

विषय : डिझेल पिकअपमध्ये वारंवार उद्भवणारे विद्युत दोष, मूळ कारण न शोधता केलेली दुरुस्ती आणि नाकारलेली वॉरंटी याबाबत.

महोदय,

मी कोल्हापुरात फुलेवाडी भागात राहतो. आपल्या कंपनीची डिझेल पिकअप मी कर्ज काढून घेतली असून ती मी स्वतःच चालवतो. शाहू मार्केट यार्डातून गूळ, कांदा-बटाटा आणि भाजीपाला भरून गगनबावडामार्गे वैभववाडी व कणकवलीकडे पोहोचवणे आणि परतीला मिळेल तो माल आणणे, यावर माझे घर चालते. गाडी अजून वॉरंटीत आहे आणि तिचे प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत सेवा केंद्रात झाले आहे. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. भरलेल्या मालासह घाट चढताना ही गाडी कुठे कमी पडत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. माझी तक्रार गाडीच्या विजेच्या बाजूबद्दल आहे आणि त्याहून अधिक, त्या बाजूकडे आपल्या सेवा केंद्राने ज्या पद्धतीने पाहिले त्याबद्दल आहे.

त्रासाची सुरुवात बॅटरीपासून झाली. यार्ड बंद असल्यामुळे किंवा सणामुळे गाडी दोन-तीन दिवस जागेवर उभी राहिली की चावी फिरवल्यावर स्टार्टर नुसता टकटक वाजतो आणि शेवटी शेजारच्या गाडीवरून केबल लावून ती सुरू करावी लागते. सेवा केंद्राने बॅटरी खराब झाल्याचे सांगितले, ती वॉरंटीत बसत नाही असेही सांगितले आणि मला स्वखर्चाने नवी बॅटरी घ्यायला लावली. नव्या बॅटरीचीही तीच गत झाली. त्यानंतर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, बदलावा लागेल असे तोंडी सांगण्यात आले; मात्र तो नेमका का खराब ठरवला, कोणत्या मोजणीवरून ठरवला, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही.

पाऊस सुरू झाल्यावर दुसरा प्रकार सुरू झाला आणि तो अधिक गंभीर आहे. गगनबावड्याकडचा पाऊस कसा असतो हे कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. रात्री माल भरून करूळ घाट उतरत असताना, धुके आणि पाऊस दोन्ही असताना, हेडलाईट अचानक पिवळट होऊन मंदावले, वायपर काचेच्या मध्यावर येईपर्यंत रेंगाळू लागले आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) व बॅटरी यांचे दिवे एकाच वेळी लागले. लगेच गाडीची ताकद गेली. ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन ठराविक फेऱ्यांच्या वर जाईना. मागून ट्रक येत होते, बाजूला गाडी घ्यायला जागा नव्हती आणि मागचे दिवे लागले आहेत की नाही याचीही मला खात्री नव्हती. गाडी तशीच हळूहळू खाली आणली, बंद केली, थोड्या वेळाने सुरू केली आणि सारे दिवे विझलेले होते. त्यानंतर प्रत्येक जोरदार पावसात हे कमी-अधिक प्रमाणात घडले आहे. कोरड्या दिवसांत गाडी निर्दोष चालते.

मागच्या दिव्यांचाही एक दोष आहे, जो दिसायला किरकोळ आहे. डावा इंडिकेटर लावला की त्याच्याबरोबर ब्रेकची लाईटही मिणमिणते आणि ब्रेक दाबला की इंडिकेटरची उघडझाप बदलते. दिव्याला परतीचा मार्ग, म्हणजे अर्थिंग, नीट मिळत नसेल तर वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढते आणि नेमके असेच दिसते, हे वायरिंगचे काम करणारा कोणीही सांगेल. सेवा केंद्राने त्यावर बल्ब बदलून दिले.

घाटातील प्रकारानंतर मी जेव्हा जेव्हा गाडी सेवा केंद्रात नेली तेव्हा एकच गोष्ट झाली : स्कॅनर लावला, कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले दोषांचे क्रमांक, वाचले, कोड पुसले आणि ‘आता काही एरर दाखवत नाही’ असे सांगून गाडी परत दिली. जॉब कार्डांवर ‘कोड क्लिअर केले, ट्रायल घेतली, ठीक’ एवढाच मजकूर आहे. आलेले बहुतेक कोड ‘यू’ अक्षराने सुरू होणारे, म्हणजे एका कंट्रोल युनिटचा (गाडीतील छोट्या संगणकाचा) दुसऱ्याशी संपर्क तुटल्याचे होते आणि त्यांच्या सोबतीला सिस्टिमचे व्होल्टेज कमी असल्याचा ‘पी ०५६२’ हा कोड होता. ताप का आला हे न पाहता थर्मामीटर झटकून ठेवावा, तसे हे काम झाले. एकाच वेळी तीन वेगवेगळ्या युनिटांनी तक्रार केली असेल आणि सोबत व्होल्टेज कमी असल्याचीही नोंद असेल, तर ती तिन्ही युनिटे एकाच दिवशी बिघडली असे समजण्यापेक्षा त्या तिघांना मिळणाऱ्या विजेकडे पाहणे हे पहिले काम होते. ते कोणी केले नाही. उलट शेवटच्या भेटीत मला असे सांगण्यात आले की गाडीत बाहेरून वायरिंग केलेले असल्यामुळे विद्युत भागाची वॉरंटी लागू होणार नाही. माझ्या गाडीत बाहेरून काहीही बसवलेले नाही. टेप आणि रिव्हर्स कॅमेरा हे दोन्ही गाडी ताब्यात देताना आपल्याच विक्रेत्याने बसवले असून त्याचे बिल सोबत जोडले आहे.

यानंतर मी शिवाजी उद्यमनगरातील एका अनुभवी वायरमनकडे गाडी नेली. कोणतीही तार न कापता, कोणताही भाग न बदलता, केवळ मल्टिमीटरने जे आढळले ते मी खाली देत आहे. मोजणीचे चित्रीकरणही सोबत पाठवत आहे.

इंजिन सुरू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर १४.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित चार्ज करत आहे आणि तो बदलण्याचे काहीच कारण नाही. हेडलाईट, वायपर आणि ब्लोअर सुरू करून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या धातूला लावले. इथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. तो दीड व्होल्टच्या आसपास आला आणि ब्रेक दाबल्यावर आणखी वर गेला. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला आणि चेसिसला ज्या बोल्टने जोडली आहे तो बॅटरीच्या ट्रेखाली आहे. तो उघडल्यावर रिंगच्या आकाराचे टर्मिनल चक्क रंगावरच आवळलेले दिसले. बोल्टखालचा रंग कधी खरवडलेलाच नव्हता. काचेखालून येणारे पाणी नेमके तिथेच ठिबकते. टर्मिनलच्या कडेने हिरवट पांढरी भुकटी जमली होती आणि शेजारच्या कनेक्टरचे रबरी सील अर्धे बाहेर सरकलेले असून त्याच्या दोन पिनांवर तोच हिरवा थर होता. वायरमनने बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून बॉडीपर्यंत तात्पुरती जाड केबल लावून दाखवली, तेव्हा आकडा ०.१ व्होल्टवर आला आणि हेडलाईट तिथल्या तिथे पांढरे स्वच्छ झाले. ती केबल मी लगेच काढून घेतली, कारण वॉरंटी नाकारायला आणखी एक निमित्त मिळू नये.

संपर्क तुटल्याच्या कोडांबद्दलही त्याने खात्री करून घेतली. युनिटांना जोडणाऱ्या ‘कॅन’च्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात आणि बॅटरी काढून स्कॅनर लावण्याच्या सॉकेटवर मोजले असता ६० ओहम यायला हवेत. बरोबर ६० ओहम आले. म्हणजे तारा शाबूत आहेत. युनिटांना पुरेसे व्होल्टेज मिळत नसल्यामुळे ती मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि एकमेकांशी संपर्क तुटल्याचे नोंदवतात.

गाडी उभी असताना बॅटरी का उतरते हेही सापडले. गाडी कुलूपबंद करून तासभर गेल्यावरही बॅटरीतून सुमारे ०.४ अँपिअर वीज वाहत होती. सगळी युनिटे झोपल्यावर ती ०.०५ अँपिअरच्या आत यायला हवी. डाव्या दरवाजाच्या कुलपातील स्विच दरवाजा उघडाच असल्याचा निरोप देत राहतो, त्यामुळे बॉडी कंट्रोल युनिट झोपतच नाही. त्याचा फ्यूज काढताच आकडा ०.०३ वर आला. ०.४ अँपिअरने दिवसाला साडेनऊ अँपिअर-तासांहून अधिक वीज जाते, म्हणजे तीन दिवसांत ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील जवळपास निम्मी. डिझेल इंजिनाच्या स्टार्टरला शंभराहून कितीतरी अधिक अँपिअर लागतात. अर्धी उतरलेली बॅटरी आणि गंजलेले अर्थिंग यांतून तो प्रवाह मिळणे शक्य नाही. यात बॅटरीचा दोष कुठे आहे, हे आपण मला समजावून सांगावे.

महोदय, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि आमच्यासारख्यांच्या गाड्यांमध्ये सेन्सर व कंट्रोल युनिटे वाढली. धूर कमी व्हावा यासाठी ते आवश्यक होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु यातील बरेचसे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. जुन्या पिकअपमध्ये अर्थिंग दीड व्होल्टने हलले तर दिवा मंद व्हायचा, एवढेच. आजच्या गाडीत तेवढ्यानेच इंजिनाची ताकद काढून घेतली जाते. म्हणून आज एका बोल्टखालचा रंग खरवडणे हे पूर्वीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे काम आहे आणि ते कारखान्यात झाले पाहिजे. मार्केट यार्डात याच मॉडेलच्या इतर मालकांशी बोलल्यावर पावसात दिवे मंदावणे, डॅशबोर्ड पेटणे आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरणे या तक्रारी त्यांच्याकडूनही ऐकायला मिळाल्या. त्यांच्या गाड्यांत कारण हेच असेल असा दावा मी करत नाही, पण ते तपासून पाहणे आपल्याला अवघड नाही.

आपल्याकडून माझी अपेक्षा अशी आहे. आपल्या कंपनीच्या तांत्रिक अभियंत्याने कोल्हापुरात येऊन, माझ्या समक्ष, वर दिलेल्या मोजण्या पुन्हा घ्याव्यात आणि प्रत्येक आकडा जॉब कार्डावर लिहून त्याची प्रत मला द्यावी. अर्थिंगची केबल आणि गंजलेल्या कनेक्टरसह वायरिंगचा तो भाग वॉरंटीत बदलून मिळावा. नुसता स्प्रे मारून साफ करणे मला मान्य नाही, कारण पिनांवरचा मुलामा एकदा गेला की पुढच्या पावसात गंज परत येतो. डाव्या दरवाजाचे कुलूप आणि मागच्या दिव्यांचे अर्थिंगही त्याच वेळी व्हावे. कारण नसताना मला घ्यायला लावलेल्या बॅटरीची किंमत आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च परत मिळावा, तसेच बदललेल्या विद्युत भागांना बदलल्याच्या दिवसापासून नवी वॉरंटी लेखी मिळावी. बुडालेल्या भाड्याचा हिशेब मी स्वतंत्र कागदावर दिला आहे. त्यावर चर्चेची माझी तयारी आहे. मात्र दुरुस्तीच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड करणार नाही, कारण ही गाडी घेऊन मला पुन्हा त्याच घाटातून जायचे आहे.

गाडी व्यावसायिक वापराची असल्यामुळे ग्राहक कायदा लागू होत नाही, असे सेवा केंद्रात मला ऐकवण्यात आले. ते चुकीचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ही ‘व्यावसायिक प्रयोजना’त धरली जात नाही. या कायद्यानुसार मी जिथे राहतो तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मला दाद मागता येते. त्याचप्रमाणे, सुरक्षिततेला धोका पोहोचवणारा दोष असलेली वाहने परत बोलावण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ मध्ये आहे. घाटात रात्री दिवे आणि ताकद एकदम जाणे हा सुरक्षिततेचाच प्रश्न असल्याने इतर गाड्यांचीही तपासणी आपण स्वतःहून करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तपासणीची तारीख लेखी कळवावी. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून त्यानंतर जिल्हा आयोगाकडे जाईन. तपासणीसाठी गाडी कोणत्याही दिवशी हजर ठेवण्याची जबाबदारी माझी. फक्त आदल्या दिवशी निरोप मिळावा, म्हणजे मी त्या दिवशीचे भाडे घेणार नाही.

सोबत : सर्व जॉब कार्डांच्या प्रती, बॅटरीचे बिल, विक्रेत्याने बसवलेल्या टेप व कॅमेऱ्याचे बिल, गाडी ओढून आणल्याची पावती, अर्थिंगच्या बोल्टची व कनेक्टरची छायाचित्रे, मोजणीच्या चित्रीकरणाचा पेन ड्राइव्ह, बुडालेल्या भाड्याचा हिशेब. माझे नाव, पूर्ण पत्ता, नोंदणी क्रमांक व चेसिस क्रमांक स्वतंत्र पानावर दिले आहेत.

आपला विश्वासू,
पिकअप मालक व चालक,
फुलेवाडी, कोल्हापूर