घराचा सेक्शनही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत घरांविषयी जेवढा मजकूर असतो, त्याच्या दुप्पट घरांच्या जाहिराती असतात. त्याबद्दल तक्रार नाही, पेपर चालवायचा तर जाहिराती लागणारच. पण त्यांत एक गोष्ट कधीच नसते आणि 34 वर्षं ड्रॉइंग बोर्डावर वाकून काम केल्यामुळे मला ते खुपतं. रंगीत चित्र असतं. त्यात हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि हातात फुगा धरलेलं एक पोर. टू बीएचकेचा प्लॅन असतो, सोफा-पलंगासकट. सेक्शन मात्र नाही म्हणजे नाही.

सेक्शन म्हणजे घर वरून खाली सुरीने कापलं तर आत जे दिसेल ते. फणस चिरल्याशिवाय आत गरे किती आणि चारखंड किती ते कळत नाही, तसंच. पलंग मावेल का, हे प्लॅन सांगतो. वैशाखात त्या पलंगावर झोप लागेल का, हे सेक्शन सांगतो.

मला हे कळलं ते वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या एका ड्रॉइंगमुळे. 1961-62 साली त्यांनी अहमदाबादला गुजरात हाऊसिंग बोर्डासाठी ‘ट्यूब हाऊस’ नावाचं प्रायोगिक घर बांधलं. स्वस्त घरांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत या डिझाइनला पहिलं बक्षीस होतं. गंमत अशी, की स्पर्धा भरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बिनलिफ्टच्या इमारती होत्या. कोरियांनी दाखवून दिलं, की तेवढ्याच जमिनीवर तेवढीच कुटुंबं बैठ्या ओळीच्या घरांत बसतात, वर प्रत्येकाला जागाही जास्त मिळते.

घर रुंदीला 3.6 मीटर आणि लांबीला 18 मीटर. आगगाडीचा डबाच म्हणा. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे उजेड-वारा यायचा तो दोन टोकांनी. असलं घर मध्यभागी कोंदट व्हायचंच. चाळीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. कोरियांनी पंखा न लावता तोडगा काढला तो छताच्या उतारात. तापलेली हवा उताराला धरून वर चढते आणि माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाते. तिच्या जागी दाराशेजारच्या झडपांमधून बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. झडपा किती उघडायच्या हे घरातल्यांनी ठरवायचं. अहमदाबादच्या उन्हाळ्यात, हाऊसिंग बोर्डाच्या खर्चात!

आमच्या ऑफिसातल्या एका मासिकात हा सेक्शन छापलेला होता. एका शनिवारी दुपारी साहेब साइटवर गेले असताना मी तो ट्रेसिंगवर काढून घेत होतो. उताराची रेघ चुकली. अर्ध्या ब्लेडने शाई खरवडली आणि नखाने कागद घोटला (तसं न करता पुन्हा पेन टेकवलं की शाई फुटते). रेघ परत ओढताना वाटलं, आतली दारं काढायची राहून गेली. मूळ चित्र पुन्हा पाहिलं, तर आत दारं जवळजवळ नव्हतीच. जमिनीची पातळी वरखाली करून आडोसा साधला होता. प्लॅनमध्ये हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढे त्याच अहमदाबादेतल्या पारेख हाऊसमध्ये त्यांनी घराला दोन सेक्शन दिले. उन्हाळ्याचा भाग वर निमुळता, पिरॅमिडसारखा, म्हणजे आभाळाला अंग कमी. हिवाळ्याचा त्याच्या उलट, वर पसरत जाणारा आणि उन्हाला उघडा.

ट्यूब हाऊस आता उभं नाही, नव्वदच्या दशकात ते पाडलं गेलं. कागद राहिले. कोरियांनी आपली सहा हजारांवर ड्रॉइंग्ज लंडनच्या ‘रिबा’ या वास्तुविशारदांच्या संस्थेला दिली आणि 2013 साली तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. ‘आपला ठेवा परदेशी गेला’ म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही. मी जिथे नोकरी केली ते ऑफिस बंद झालं, तेव्हा ट्रेसिंगचे रोल रद्दीवाल्यापुढे ठेवले होते. तो म्हणाला, “काका, हा कागद चालत नाही, याच्या पुड्या होत नाहीत.” मग ते कचऱ्याच्या गाडीत गेले. चार रोल मी काखेत मारून घरी आणले. अजून कपाटावर आहेत. सौ. दर दिवाळीला त्यांची चौकशी करते.

अहमदाबाद लांब वाटत असेल तर नवी मुंबईतलं बेलापूर घ्या. तिथलं आर्टिस्ट्स व्हिलेजही (1983-86) कोरियांचंच. सात घरं एका चौकाभोवती, असे तीन चौक मिळून मधे एक मोठा चौक. कुणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, कारण ऐपत वाढेल तसं घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलं, पुष्कळांनी तर पाडून नवं बांधलं. यावर हळहळणारे बरेच भेटतात. मला विचाराल तर घर वाढू देणं हाच मूळ बेत होता. पण भर घालणाऱ्या मिस्त्रीच्या हातात जुना सेक्शन असता, तर काही घरांचा वारा तरी वाचला असता.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत दर शनिवारी एका घराचा सेक्शन छापावा. बंगला असो, वाडा असो, कोकणातलं कौलारू घर असो. शेजारी उत्तर दिशा आणि छताची उंची द्यावी, बाकी फार लिहू नये. दोन-चार महिन्यांत वाचक सॅम्पल फ्लॅटमध्ये उभे राहून विचारू लागतील, “प्लॅन पाहिला हो, सेक्शन दाखवा.”

सुरुवातीला माझे चार रोल वापरायला माझी ना नाही. कागद पिवळा पडून कडक झाला आहे, तेव्हा कुरिअरने मागवू नयेत. माणूस पाठवावा, दुपारी चारनंतर.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, ठाणे