थंडरबर्डसाठी उद्यमनगरातून वर्गणी निघावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. परचेस ऑर्डर, ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, रिजेक्शनचे फोटो, पेमेंटची आठवण, असं सगळं आता मेलवरच चालतं. आमचा मेल आम्ही ‘थंडरबर्ड’ या प्रोग्रॅमवर ठेवतो. तो फुकट मिळतो, त्याचा सोर्स कोड, म्हणजे तो ज्या आज्ञांनी बनलाय त्या, कुणालाही बघता येतो आणि वापरणाऱ्यांनी दिलेल्या पैशांवर तो चालतो. हे शेवटचं आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि सांगितलं तर लोक हसतात. आमचे मालकही हसले होते. “आक्का, फुकट हाय म्हंता आन् पैसंबी मागताय?”

त्याचा उपयोग काय, ते आधी सांगते. दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका ग्राहकाचा फोन आला. बोअर, म्हणजे पार्टचं भोक, मापात नाही, लॉट परत पाठवतो म्हणाले. आमचा सुपरवायझर अडून बसला की ड्रॉइंगवर होतं तेवढंच माप काढलंय. भानगड रिव्हिजनची होती. नवं ड्रॉइंग आलं होतं खरं, पण आमचा माल गाडीत चढल्यावर. हे दाखवायचं तर मेल हवा, आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेलेली, नेट बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. थंडरबर्डमध्ये पार्ट नंबर टाकला, पाठवणाऱ्याच्या नावानं यादी गाळली आणि दोन्ही मेल तारीख-वेळेसह समोर आले. मेल आमच्या लॅपटॉपवरच होता, त्यामुळं नेट असो-नसो, काही अडलं नाही. लॉट परत आला नाही.

ब्राउझरमध्ये मेल बघणाऱ्याला आपला मेल नक्की कुठं आहे हा प्रश्नच पडत नाही. जीमेलची फुकटची जागा १५ जीबी, आणि त्यातच ड्राइव्ह नि फोटोही धरलेले. कास्टिंगमधल्या ब्लोहोलचे, म्हणजे हवेच्या पोकळ्यांचे, फोटो आणि भल्यामोठ्या पीडीएफ येणाऱ्या शॉपला ती किती पुरणार? मग कुणीतरी पोरगा बसून जुने मेल उडवतो. इकडं जीएसटीचा कायदा सांगतो की हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपा. मी आर्थिक वर्ष संपलं की जुने मेल थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढते. ते आपल्या डिस्कवर येतात आणि सर्व्हरवरची जागा मोकळी होते. मात्र एक ध्यानात ठेवायचं. खातं आयमॅप पद्धतीनं जोडलेलं असेल तर इनबॉक्स हा सर्व्हरचाच आरसा असतो, इथं खोडलं की तिथंही जातं. आणि लोकल फोल्डरमध्ये आणलेला मेल सांभाळणं ही सर्वस्वी आपली जबाबदारी. प्रोग्रॅम बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर, ज्यात सगळा मेल असतो, ते अख्खं बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं, आणि ती डिस्क ऑफिसात ठेवायची नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

आता पैशाची गोष्ट. थंडरबर्डची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाकडूनच. जुलै २०१२ मध्ये मोझिलानं जाहीर केलं की यापुढं यावर फार जोर लावणार नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या देऊ, बाकी स्वयंसेवकांनी बघावं. साध्या कंपनीचा माल असता तर तिथंच संपला असता. विंडोजबरोबर येणारा ‘मेल’ प्रोग्रॅम ३१ डिसेंबर २०२४ ला असाच संपला, आणि ज्यांना तो हवा होता त्यांच्या हातात काही नव्हतं. थंडरबर्डचा कोड उघडा होता, म्हणून लोकांनी तो धरून ठेवला. जानेवारी २०२० मध्ये मोझिला फाउंडेशनच्याच छत्राखाली त्यासाठी एमझेडएलए ही वेगळी कंपनी झाली. २०२२ मध्ये त्यांच्याकडं सुमारे ६४ लाख डॉलर जमले, ते जवळजवळ सगळे वापरणाऱ्यांनी दिलेले. त्या पैशातून पगारी माणसं कामाला लागली. २०२० मध्ये कूटबद्ध मेलची, म्हणजे ज्याला पाठवला त्यालाच वाचता येईल अशा मेलची, सोय प्रोग्रॅमच्या आतच आली, २०२३ मध्ये सगळा चेहरा बदलला, आणि के-नाइन मेल या जुन्या ॲपला हाताशी धरून ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडवरही थंडरबर्ड आला. नवा चेहरा मला रुचला नाही, हेही सांगते. मेलची कार्डं कशाला, मला ओळींची यादीच बरी. मी ती परत लावून घेतली, तशी सोय ठेवलीय. शोधसुद्धा कधीकधी रेंगाळतो.

आपल्या पेठांत तालमीची वर्गणी कोण चुकवतं? आखाड्यात कधी पाय न ठेवणारा दुकानदारही पावती फाडतो, कारण तालीम आपल्या गल्लीची असते. मालकांना मी हेच सांगितलं. वर मी दुसरंही बोलले. कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून देणाऱ्या पोराला आपण पाचशेची नोट खुशीनं देतो, आणि सरळमार्गानं मिळणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र रुपया द्यायला हात आखडतो. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण कार्ड दिलं.

कार्डानंही थोडं नाचवलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आपण सुरू करायचे, मर्यादा लहान ठेवायची आणि काम झालं की पुन्हा बंद करायचे. शिवाय ही रक्कम ८०जी मध्ये बसत नाही. करात सूट मिळेल या आशेनं कुणी देणार असेल तर त्यानं आधीच थांबावं.

ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांनी काम द्यावं. शिवाजी विद्यापीठात आणि इथल्या पॉलिटेक्निकांत कॉम्प्युटर शिकणारी पोरं शेवटच्या वर्षाला तीच ती ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ छापाची प्रोजेक्टं करतात. त्याऐवजी थंडरबर्डची बीटा, म्हणजे चाचणीसाठी काढलेली, आवृत्ती वापरून बघा. देवनागरी नावाची फाइल जोडल्यावर पलीकडं नाव धड पोचतं का? ‘ऱ्या’ असलेला शब्द शोधात सापडतो का? चूक दिसली तर बगझिला या चुका नोंदवायच्या त्यांच्या पानावर नीट लिहून कळवा: कोणती आवृत्ती, काय केलं, काय झालं. जर्मनीतल्या कुणाला हे तपासता येणार नाही, आपल्याला येईल.

माझी मागणी आपल्यामार्फत उद्योजकांच्या संघटनांना आहे. जीएसटी आणि आयएसओची शिबिरं तुम्ही भरवता, त्यात अर्धा दिवस मेल सांभाळण्यावर ठेवा. प्रोग्रॅम थंडरबर्ड डॉट नेट या त्यांच्याच पानावरून कसा उतरवायचा, बॅकअप कसा घ्यायचा, एवढं शिकवा. आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एक ओळ घाला: जे शॉप हा प्रोग्रॅम वापरतं त्यानं वर्षाला शंभर रुपये द्यावेत, ते संघटनेनं गोळा करून एकदम पाठवावेत. म्हणजे कार्डाची कटकट प्रत्येकानं सोसायला नको. आमच्या शॉपचे शंभर मालकांनी कबूल केलेत, पावती मात्र मराठीत पाहिजे म्हणाले.

आपली,
एक हिशेबनीस
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर