ताकदीचे आकडे छापले, ऑइलचं काय?

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांवरचा लेख वाचला. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा.) आकडे बरोबर होते, तक्ताही छान होता. पण 'हे इंजिन टिकतं का हो?' हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं आणि लेखात त्याच्या वाट्याला एवढंच आलं, की देखभाल थोडी जास्त लागते. त्या 'थोडी'वरच माझं गॅरेज चालतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी चांगलं सांगतो. मारुतीची फ्रॉन्क्स एकाच बॉडीत दोन पेट्रोल इंजिनांवर मिळते, त्यामुळे तुलना सोपी जाते. साधं १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन सुमारे ९० पीएस ताकद आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं, तोही ४४०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या). टर्बोचं ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन १०० पीएस आणि १४७.६ न्यूटन मीटर देतं, आणि हा टॉर्क २००० आरपीएमपासूनच हाताशी असतो. कागदावर दहा पीएसचं काय एवढं, असं वाटेल. पण पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, अशा अवस्थेत पसरणी घाट चढून बघा. साध्या गाडीला वळणावळणाला दुसऱ्या गिअरवर आणून पिळावं लागतं, टर्बो तिसऱ्यावरच निघून जाते. वर महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, हवा विरळ झाली की साधं इंजिन आणखी दमतं. टर्बो हवा कोंबूनच भरतो, त्यामुळे त्याला ते फारसं जाणवत नाही. स्कोडा कायलॅकमधलं ९९९ सीसीचं टीएसआय हे टर्बो इंजिन तर ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर देतं. माझ्या उमेदीच्या काळात एवढ्या टॉर्कला दोन लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन लागायचं.

इंजिनं एवढी लहान का झाली, याचं एक मोठं कारण करात आहे. गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, त्यापुढे थेट ४० टक्के. मग हजार-बाराशे सीसीतच सगळा रस काढायचा म्हटलं, तर टर्बोशिवाय वाट नाही.

आता टिकण्याचं. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरतो. त्याच्या एका बाजूला नऊशे अंशांपर्यंत तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. मध्ये तो दांडा तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. ते ऑइल नेणारी नळी करंगळीहून बारीक असते. एवढं डोळ्यांपुढे आणलं की बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. शिट्टीसारखा आवाज आणि चढावर निळा धूर. वरचं कव्हर खोललं तर आत काजळीचा थर, बोट फिरवलं तर ओल्या डांबरासारखा चिकटला. टर्बोची ऑइलची नळी सोडवली, तर भोक उदबत्तीच्या काडीएवढंच उरलेलं. मी विचारलं, शेवटचं ऑइल कधी बदललं? मालक म्हणाले, "काका, दहा हजार कुठे झालेत अजून?" खरंच, मीटरवर नऊ हजारच होते. पण गाडी घेऊन दोन वर्षं उलटली होती. पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. किलोमीटरचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, वर्षाचं कुणीच लक्षात ठेवत नाही. नवा टर्बो बसवला, तेव्हा बिल बघून ते खुर्चीत मटकन बसले.

कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑइल उलट लवकर खराब होतं, हे लोकांना पटत नाही. घर ते मंडई दोन किलोमीटर, परत दोन. इंजिन पुरतं तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, आणि ज्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्या इंजिनांत हे जास्त होतं. मग एखादा आनंदाने सांगत येतो, 'ऑइल कमी तर होत नाहीच, उलट ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर वाढलंय!' त्या डिपस्टिकचा वास घेऊन बघा म्हणतो.

घाट चढून आल्याबरोबर स्ट्रॉबेरीच्या स्टॉलसमोर गाडी लावून लगेच बंद करतात, तेही टाळावं. दांड्याभोवतीचं ऑइल तिथेच थांबतं आणि उष्णतेने करपतं. हल्ली बहुतेक टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, तरी अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवायला काय जातं? मात्र भाजी आणून दारात रोज दोन मिनिटं गाडी चालू ठेवणारेही बघितलेत. ते पेट्रोल वाया घालवतात, बाकी काही नाही.

सर्वांत अवघड सवय मायलेजची. चाळीसच्या स्पीडला टॉप टाकायचा आणि चढावरही गिअर न पाडता अॅक्सिलरेटर दाबत राहायचं. जुन्या इंजिनात गाडी थरथरायची, एवढंच. या इंजिनांत कमी आरपीएमला टर्बोचा पूर्ण दाब आला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टनवर हातोडा बसावा तसा दणका बसतो, आणि रिंगांच्या खाचा तुटल्याची उदाहरणं जगभर आहेत. यासाठीच ऑइलचा एसएन प्लस आणि पुढे २०२० मध्ये एसपी हा दर्जा आला. डब्यावर तो पाहून घ्या. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड (म्हणजे ऑइलचा दाटपणा) सोडून 'हे जाडं चांगलं' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, तो माझा व्यवसायबंधू असला तरी.

फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट २०१३ मध्ये इकोस्पोर्टबरोबर आपल्याकडे आलं. १२५ पीएस, आणि २०१२ पासून सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'. पण त्याचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडवणारा पट्टा, ऑइलमध्येच फिरतो. चुकीचं किंवा जुनं ऑइल राहिलं की बेल्टचा भुगा पडतो, तो पंपाच्या जाळीत अडकतो आणि प्रेशर जातं. बक्षीस मिळालेलं इंजिनही ऑइलपाशीच अडतं, ते असं.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या तक्त्यात ऑइलचा ग्रेड व दर्जा, ते किती महिन्यांनी बदलायचं, आणि टायमिंगला बेल्ट की चेन, असे तीन रकाने वाढवा. जागा पुरत नसेल तर शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा रकाना काढून टाका. पाचगणीच्या रस्त्यावर तो मोजणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आपला,
एक गॅरेजवाला, वाई (जि. सातारा)