जुन्या गोधड्यांची नोंद आणि संगणकावरील आराखडे यांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी असलेल्या आमच्या गावात महिलांचे गोधडी मंडळ चालते. दर शनिवारी दुपारी मंदिराच्या सभामंडपात सदस्य जमतात, मिळून गोधड्या शिवतात, मुलींना व नव्या सुनांना धावदोरा शिकवतात आणि प्रत्येक जण आठवडाभरातले आपले काम सर्वांपुढे उलगडून दाखवते. थंडीपूर्वी तयार होणारी दुपटी व लहान गोधड्या वीटभट्ट्यांवर कामाला आलेल्या कुटुंबांतील तान्ह्या मुलांना दिल्या जातात. या नेहमीच्या कामाला जोडून मंडळाने आता एक नवे काम हाती घेतले आहे आणि त्यासाठी आम्हांला आपली मदत हवी आहे.

खानदेश हा कापसाचा मुलूख आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथे एके काळी कापडगिरण्या चालत असत. जुन्या गोधडीची शिवण उसवली तर आत मांजरपाट, विरलेली धोतरे आणि विटलेल्या लुगड्यांचे थर सापडतात. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शेतीची कामे हलकी झाली, की धुतलेली लुगडी अंगणात अंथरायची, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, लांब टाक्यांनी थर एकमेकांना धरायचे आणि मग काठापासून आत आत चौकोनी फेरे घेत दोरा घालत जायचे, ही रीत आमच्या आयांनी आणि सासवांनी कागदावर कधी लिहिली नाही. नक्षी हातात होती, म्हणून ती लिहिण्याची गरज कोणालाच भासली नाही. गेल्या वर्षी मात्र आमच्या एका सदस्येच्या आजेसासूने शिवलेली, मधोमध त्रिकोणांचे आठ पाकळ्यांचे फूल असलेली गोधडी जीर्ण झाली म्हणून फाडली गेली आणि तिचे तुकडे कांद्याच्या ढिगावर पांघरले गेले. ते फूल कसे बसवले होते, हे आज आमच्यापैकी कोणीही नेमके सांगू शकत नाही. खरे तर हे आवाहन आम्ही त्याच आठवड्यात करायला हवे होते.

अमेरिकेतील केंटकी राज्यात १९८१ साली अशाच कामाला सुरुवात झाली. ठरलेल्या दिवशी लोकांनी घरातील जुन्या गोधड्या आणायच्या आणि तेथे त्यांची छायाचित्रे व माहिती नोंदवून घ्यायची, अशी ती पद्धत होती, आणि पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. आम्ही तीच पद्धत आमच्या तालुक्यापुरती राबवणार आहोत. फरक इतकाच, की छायाचित्रावर न थांबता प्रत्येक गोधडीचा मापासह आराखडा संगणकावर काढून ठेवायचा आहे, म्हणजे ती पुन्हा शिवता येईल.

या आराखड्यांसाठी आम्ही इंकस्केप हे विनामूल्य सॉफ्टवेअर निवडले आहे. त्यात पडद्यावर चौकटींची जाळी आखून एक ठोकळा, म्हणजे गोधडीत पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा चौकोन, काढला आणि त्याच्या जोडलेल्या प्रती करून गोधडीभर मांडल्या, तर मूळ ठोकळ्यात केलेला बदल सर्व प्रतींत आपोआप उतरतो. देणगीत आलेल्या लुगड्याचे छायाचित्रही चौकटीत भरता येते, त्यामुळे कात्री लावण्याआधीच रंग एकमेकांना शोभतात की नाही हे कळते. मापांच्या बाबतीत तर हा उपयोग फार मोठा आहे. तयार चौकोन ४ इंचांचा हवा असेल, तर दोन्ही बाजूंना पाव पाव इंच शिवण धरून कापड साडेचार इंचांचे कापावे लागते. परंतु तोच चौकोन तिरपा कापून दोन त्रिकोण करायचे असतील, तर कापड पाच इंचांना एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी घ्यावे लागते. हे एक सूत चुकले, की दहाव्या ओळीपर्यंत गोधडी वाकडी होते. हिशेब आराखड्याबरोबरच लिहून ठेवला, तर नवख्या मुलीचेही कापड वाया जात नाही. गोधडीकामासाठीच तयार केलेले इलेक्ट्रिक क्विल्ट हे अमेरिकन सॉफ्टवेअर १९९१ पासून उपलब्ध आहे आणि त्यात कापडाचा अंदाजही निघतो, परंतु ते विकत घ्यावे लागते. देणगीचा पैसा सध्या त्यावर खर्च करू नये, तो दोरा आणि अस्तर यांसाठीच राखून ठेवावा, असे मंडळाचे स्पष्ट मत आहे.

आम्हांला सर्वांत आधी हवा आहे तो चालू स्थितीतील एक संगणक. तो वापरलेला असला तरी चालेल, मात्र पडदा मोठा असावा, कारण आमच्या बहुतेक जाणत्या सदस्यांना आता चष्मा लागला आहे. त्यासोबत, महिन्यातून दोन शनिवार येऊन संगणकावर रेखाटन शिकवू शकेल अशा व्यक्तीची आम्हांला फार गरज आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम मनावर घ्यावे, अशी विनंती आहे. कापड देताना ते केवळ सुती द्यावे. हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या दिसायला सुंदर असतात, परंतु त्या घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून सरकतात आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला त्या कापडाची गोधडी मानवत नाही. मांजरपाट, जाड सुती दोरा, सुया, दाभण, अंगुस्ताने यांची गरज कायमच असते. रोख देणगी देणाऱ्यांना पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनी सभामंडपातील फलकावर लावला जाईल.

आपल्या घरी जुनी गोधडी असल्यास ती कोणत्याही शनिवारी नोंदीसाठी आणावी. शिवणारी हयात असेल, तर शक्य झाल्यास तिलाही सोबत आणावे. नोंदीचे काम सुरू झाले, त्या दिवशी एक आजी घडी मांडीवर ठेवून म्हणाल्या, “हाई मन्ही सासूनी गोधडी शे,” आणि मग तासभर एकेक तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे सांगत राहिल्या. ते सारे आम्ही आराखड्याशेजारी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले आहे. गोधडी आपण त्याच दिवशी परत नेऊ शकाल. आणण्यापूर्वी ती कृपया धुऊ नये, कारण कुजलेला दोरा पाण्यात तुटतो आणि टाक्यांच्या ओळी मोजता येत नाहीत.