टाळ्या कुणाला पडल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आधुनिक फ्रेंच रंगभूमीवरचा लेख आवडला, पण एका मुद्द्यावर अडखळले. लेखकाने झाँ अनुईच्या ‘अँटिगनी’वर ‘नाझीविरोधी नाटक’ असा शिक्का मारून टाकला आहे. ते इतकं सरळ असतं तर फेब्रुवारी १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये त्याचा पडदा वर गेलाच नसता.

गोष्ट मूळची ग्रीक: बंडखोर ठरलेल्या भावाला मूठमाती द्यायची नाही हा राजा क्रेऑनचा हुकूम त्याची भाची अँटिगनी मोडते. संहिता जर्मन सेन्सॉरने पाहिलेली होती. त्यांनी ती का सोडली असेल, ते क्रेऑनचा मोठा प्रवेश वाचला की लक्षात येतं. हा क्रेऑन खलनायक नाहीच. आवडती पुस्तकं बाजूला ठेवून, बाह्या सरसावून राज्यकारभाराला बसलेला दमलेला गृहस्थ आहे तो. अँटिगनीला तो समजावतो, की बाई गं, तुझे दोघेही भाऊ सारखेच नालायक होते. घोड्यांच्या टापांखाली दोघांचा असा चेंदामेंदा झाला, की कोण कुठला ते ओळखू येईना. मग जे प्रेत जरा बऱ्या अवस्थेत होतं ते सरकारी इतमामासाठी उचललं, दुसरं सडायला ठेवलं. नाव बुडत असताना कुणीतरी सुकाणू धरायलाच हवं, हे त्याचं म्हणणं. जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारचे पुढारी पेताँ आणि लाव्हाल त्या वेळी फ्रेंच जनतेला दुसरं काय सांगत होते?

म्हणूनच त्याच नाट्यगृहात कुणाला अँटिगनीचं ‘नाही’ ऐकू आलं, तर कुणाला क्रेऑनचं शहाणपण पटलं. जर्मनविरोधी भूमिगत वृत्तपत्रांतून नाटकावर टीकाही झाली. ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झालं आणि त्यानंतरही हेच नाटक चालू राहिलं.

मी तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. हा प्रवेश वाचून झाला की वर्गाला हात वर करायला सांगायचे. दर वर्षी निम्मे हात क्रेऑनसाठी. संध्याकाळच्या वर्गाला येणारे बँकवाले तर बहुधा सगळेच! आपल्याकडेही परिनिरीक्षण मंडळ संहिता वाचतं, पण टाळी कुठल्या वाक्याला पडेल ते कागदावर दिसत नाही.

झाँ जनेच्या ‘पडदे’ या नाटकाला लेखात दीड ओळ मिळाली, त्याचं मात्र वाईट वाटलं. अल्जीरिया फ्रान्सशी लढून स्वतंत्र होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. १९६६ मध्ये ओदेओं या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहात तिथला संचालक झाँ-लुई बारोने हे फ्रेंच लष्कराची यथेच्छ टर उडवणारं नाटक लावलं. माजी सैनिक आणि उजव्या गटांतली पोरं प्रयोगात घुसली, धुराचे बॉम्ब फुटले. संसदेत अनुदान कापायची मागणी झाली. तेव्हा सांस्कृतिक मंत्री मालरो नाटकाच्या बाजूने उभे राहिले. चित्रकार गोया आणि कवी बोदलेर यांचे दाखले देत त्यांनी सांगितलं, की स्वातंत्र्याचे हात नेहमी स्वच्छ नसतात. मंत्री जनरल द गॉल यांच्या सरकारातले, हेही ध्यानात घ्या. पण पुढची गोष्ट लेखकाने सांगायला हवी होती. मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी हेच ओदेओं ताब्यात घेतलं, बारोने त्यांच्यापुढे ‘बारो मेला’ असं जाहीर केलं आणि याच मालरोंनी त्याला पदावरून काढलं. लष्कराची टर चालली, पण सरकारी नाट्यगृहाच्या संचालकाने बंडखोरांच्या ओळीत जाऊन उभं राहणं चाललं नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. सार्त्रचं ‘माश्या’ १९४३ च्या जूनमध्ये ‘सारा बर्नार्ड’ नाट्यगृहात झालं, असं लेखात छापलं आहे. वास्तू तीच, पण तेव्हा दारावर ‘तेआत्र द ला सिते’ अशी पाटी होती. विख्यात नटी सारा बर्नार्डची आई ज्यू होती, म्हणून तिचं नाव काढून टाकलं होतं.

आपली,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका, पुणे